आपल्या निर्णयाचा आम्ही आदर करतो

रविवारी मावशीकडे जेवून उठले, पाण्याची बाटली घ्यायला फ्रिजपाशी गेले आणि दारावर लोहचुंबकाने अडकवलेलं, इतके महिने कधी न वाचलेलं पत्र सहज वाचलं. पुढील टप्प्यातील सहभागाबाबत आपण घेतलेल्या निर्णयाची नोंद घेण्यात आली आहे. आपल्या निर्णयाचा आम्ही आदर करतो. वर आमच्या संस्थेचं निळं बोधचिन्ह, दोन हातांत धरलेलं रोपटं. तळाला बारीक अक्षरांत संपर्काची तारीख, सात महिन्यांपूर्वीची, आणि संपर्क साधणारे: फेलो क्रमांक ७. फेलो क्रमांक सात म्हणजे मी. “चांगलं आहे ना गं?” मावशी टेबल पुसता पुसता म्हणाली, “तुझ्याच ऑफिसचं आहे. बत्तीस वर्षं लाँड्रीत काढली, पण आदर करतो म्हणून कुणी लिहून दिलं नव्हतं बाई. म्हटलं, लावून ठेवू.” मी म्हटलं, “चांगलं आहे.” आणि पाणी प्यायले. डॉक्टर होऊन अठरा वर्षं झालेली बाई, त्यातली चौदा अतिदक्षता विभागात काढलेली, तिला त्या क्षणी एवढंच सुचलं. मग मी मावशीकडे पाहिलं. म्हणजे रोग्याकडे पाहतात तसं पाहिलं, कारण इतके महिने तिच्याकडे मी मावशीकडे पाहतात तसंच, म्हणजे न पाहता, पाहत होते. बांगडी कोपरापर्यंत वर सरकत होती. खालच्या पापणीच्या आत पांढरं होतं, रक्त कमी झाल्याची खूण. “बारीक झालीस,” मी म्हटलं. “वय झालं,” ती म्हणाली, “तुला काय, भाजी वाढू का अजून?”

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी सातव्या मजल्यावरच्या दालनात बसले होते आणि पत्र माझ्या पिशवीत होतं. मावशीला म्हटलं होतं, एक दिवस नेते, ऑफिसात दाखवते. तिला अभिमान वाटला. सातव्या मजल्यावर लिफ्ट कार्डाशिवाय जात नाही, ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून हसायला लावते: समतेचं दालन, आणि वर यायला कार्ड. खुर्च्या पाठीला आधार देणाऱ्या, खिडक्या न उघडणाऱ्या, भिंतीवर रंगीत चिकटचिठ्ठ्या, आणि आम्ही बारा डॉक्टर, प्रतिबंधक वैद्यकाचे फेलो, आरोग्यसमता हा विशेष विषय. एक कातडीवाला, एक डोळेवाला, दोन बालरोगवाल्या, बाकी माझ्यासारखे रात्रपाळ्यांना कंटाळलेले. कुणी विचारलं तर सगळे सांगतात की आजार होण्याआधीच माणसापर्यंत पोचायचं होतं म्हणून आलो. डोंबल! मी आले ती कंबर गेली म्हणून आणि विभागप्रमुखाची जागा माझ्या हाताखाली शिकलेल्या पोराला दिली म्हणून. पण तेही मी अर्जात लिहिलं नाही. अर्जात मीही पोचण्याबद्दलच लिहिलं. समोर आमच्या संचालिका उभ्या होत्या. त्यांना मी मनात मखमलबाई म्हणते. कारण त्या कुणालाही चूक म्हणत नाहीत, त्या ‘शिकण्याची संधी’ म्हणतात. गरिबाला गरीब म्हणत नाहीत. आजाऱ्याला आजारी म्हणत नाहीत. त्यांच्यासमोर कुणाला फीट आली तर आधी त्याला काय म्हणायचं यावर गटचर्चा होईल आणि तोवर बिचारा निळा पडलेला असेल. वर्षभर मी या लोकांना मनातल्या मनात हसत आले, आणि त्या हसण्यावर माझं छान चाललं होतं. आपण यांच्यातले नाही, एवढं वाटलं की पुरे होतं.

आज माझं सादरीकरण होतं. विषय: नकार देणाऱ्यांची मनोभूमिका. एक्केचाळीस माणसं, चार रंगांचं वर्तुळ. भीती, अज्ञान, अविश्वास, आणि सगळ्यांत मोठा पिवळा तुकडा, आरोग्याबाबत उदासीनता, अडतीस टक्के. हे तुकडे मी कसे पाडले? यादीतलं वय आणि वस्ती पाहून, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी पाहणीतले आकडे त्यावर ठेवून. एक्केचाळीसपैकी एकाशीही मी बोललेली नव्हते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि माझा उंट सात मजली. आमच्याकडे काम कसं चालतं ते सांगायला हवं. वस्तीवस्तीत, कारखान्यांच्या फाटकांवर एक छोटी नळी वाटली जाते. घरच्या घरी शौचाचा नमुना घ्यायचा, नळी पेटीत टाकायची. त्यात रक्ताचा अंश सापडला तर पुढे आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, कारण तिथे गाठ असली तर ती वेळेत काढता येते, आणि नसली तर माणूस सुटतो. इतकी साधी, इतकी चांगली गोष्ट. पण निकाल पत्राने कळवायचा नाही, पत्राने माणूस घाबरतो, असं समितीत ठरलं. फोनवर प्रेमाने सांगायचं. फोन आम्ही फेलोंनी करायचे, म्हणजे आमची जमिनीशी नाळ जुळते. आणि फोन करताना आम्हाला नाव दिसत नाही. ही मखमलबाईंची लाडकी कल्पना. नावावरून आपण माणसाची जात-पात, घरदार, ऐपत ओळखतो, मग आवाज बदलतो. म्हणून पडद्यावर फक्त क्रमांक, वय, वस्ती आणि एक हिरवं बटण. बटण दाबलं की फोन लागतो. समोरच्यालाही आपला नंबर दिसत नाही. सगळे सारखे. तीन वेळा उचलला नाही तर पडद्यावर चौकोन उघडतो, त्यात खूण केली की त्या क्रमांकाला कुलूप, आणि घरी आदराचं पत्र आपोआप जातं. त्या चौकोनाचं नाव पूर्वी ‘नकार’ होतं. नकार हा शब्द माणसावर ठपका ठेवतो म्हणून त्याचं ‘निर्णय’ केलं.

तीन फोन, एवढंच नियमात आहे. तीन दिवशी तीन, असं कुठे लिहिलेलं नाही. मी साठजणांची यादी दोन सकाळींत संपवली. फोनला मी बसायची दहा ते एक. सहा घंटा वाजू द्यायच्या, ठेवायचा, परत बटण, परत सहा. चार मिनिटांत तीन फोन होतात. एकोणीस जणांनी उचलला, एक्केचाळीस जणांनी नाही. एका बालरोगवालीने विचारलं होतं, “संध्याकाळी करून पाहायचे का?” मी म्हटलं होतं, “ज्याला स्वतःची पडलेली नाही, त्याची आपण किती पडून घ्यायची?” सगळे हसले. अतिदक्षतेतून आलेल्या बाईचं बोलणं असंच रोखठोक असणार, असं त्यांना वाटतं, आणि मला ते आवडतं. बाकीचे अकराजण तीन आठवडे यादी चिवडत बसले होते. सर्वांत तत्पर फेलो म्हणून मखमलबाईंनी मला टाळ्यांच्या गजरात एक कुंडी दिली, छोटं रोप, बोधचिन्हातल्यासारखं. ते अजून माझ्या खिडकीत आहे आणि मेलं वाढतंयही चांगलं. पाणी मी त्याला न चुकता घालते.

मावशीला मात्र मी सात महिन्यांत एकदाही विचारलं नाही की तुमच्या फाटकावर नळी वाटायला आले होते का. माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मावशी मला न्यायला आली ती लाँड्रीतूनच, अंगावर कामाचा निळा डगला, आणि त्या डगल्याला उकळत्या साबणाचा आणि गरम कापडाचा वास. पुढे कितीतरी वर्षं तोच मला घराचा वास वाटायचा. ती दवाखान्यांच्या चादरी धुते. म्हणजे यंत्र धुतं, ती आणि तिच्यासारख्या शंभरेक बायका त्या चादरी वाफेच्या रुळात घालतात आणि पलीकडून घड्या करून घेतात. डाव्या मनगटावर रुळाने दिलेला डाग आहे, चार बोटं लांब. मी लहानपणी त्यावरून बोट फिरवायची आणि ती म्हणायची, “इथूनच तू डॉक्टर होणार बघ.” मी झाले. माझ्या विभागातल्या चादरी तिच्याच लाँड्रीतून यायच्या, चौदा वर्षं. कुठल्या चादरीची घडी तिच्या हातची, ते मी ओळखू शकले नसते. आणि तिथे कामाच्या वेळेत फोन जवळ ठेवायचा नाही. सकाळी सातला आत जाताना भिंतीतल्या कप्प्यात फोन टाकायचा, चारला सुटताना काढायचा. हे मला माहीत होतं. मोबाइल नव्हते तेव्हाही निरोप आत जात नसे; शाळेत असताना मला ताप आला तर शाळेने चार वाजेपर्यंत मला बाकावर झोपवलेलं आहे. मला माहीत नव्हतं असं मी कुणालाही सांगू शकत नाही.

“फोन आला नव्हता का तुला?” मी रविवारी विचारलं, शक्य तितक्या सहज. “आले होते तीन,” ती म्हणाली. “चारला बघितलं तर तीन. नंबरच नव्हता त्यावर, मग उलटा कुणाला लावू? म्हटलं, असेल कुणीतरी विमा विकणारा. पण ती नळी मी नीट केली हां. पहिल्यांदा किळस आली. मग म्हटलं, आपल्या ठमीचं ऑफिस आहे, आपणच नाही केलं तर बरं दिसत नाही.” ठमी म्हणजे मी. ताट विसळत विसळत तिने हे सांगितलं. मला काय वाटलं ते स्पष्ट सांगते: लाज वाटली, आणि लाजेच्याही आधी, क्षणभर का होईना, वाटलं की हे कुणाला कळणार नाही. नाव दिसत नव्हतंच की. मग घरी येऊन मी काय केलं? माझ्याबरोबर शिकलेला एकजण आता आतड्यांचा मोठा डॉक्टर आहे, त्याला फोन लावला. त्याने पहिल्या घंटेला उचलला. “तुझी मावशी म्हणजे माझी मावशी,” म्हणाला, “बुधवारी सकाळी आण.” रांग तीन महिन्यांची आहे. वर्षभर समतेचे धडे गिरवलेल्या बाईने दीड मिनिटात रांग मोडली, आणि फोन ठेवल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिने स्वतःसाठी चहा केला. चहा अर्धा झाल्यावर बाकीची चाळीस माणसं आठवली. त्यांची मावशी-भाची कोण असेल नसेल, कुणाला ठाऊक!

माझं नाव पुकारलं तेव्हा कातडीवाला कुजबुजला, “होऊन जाऊ दे.” मी पुढे गेले. पडद्यावर माझं वर्तुळ आलं, पिवळा तुकडा केवढातरी. मी ठरवलं होतं की थंडपणे बोलायचं, आकड्यांत. “हे सगळं खोटं आहे,” मी म्हटलं. “यातल्या कुणीही नकार दिलेला नाही. एकेकाला तीन फोन मी चार मिनिटांत केले. सकाळी अकराला. माणसं कामावर होती. त्यांना रक्त सापडल्याचं अजून माहीतच नाही. सात महिने झाले. आणि आपण त्यांना आदराची पत्रं पाठवलीत. त्यातली एक माझी सख्खी मावशी आहे. तिने ते पत्र फ्रिजवर लावलं होतं, कारण तिला वाटतं की सगळं चांगलं आहे.” मला वाटलं, आता कुणीतरी ओरडेल. ओरडायलाच हवं होतं. अतिदक्षतेत असतं तर कुणीतरी ट्रे आपटला असता, माझी अक्कल काढली असती, आणि दहाव्या मिनिटाला चाळीसही माणसांच्या मागे कुणीतरी धावलं असतं. मखमलबाईंनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला. “किती धैर्य लागतं हे बोलायला,” त्या म्हणाल्या. “आपण सगळे या धैर्याचा आदर करूया.” आणि टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या. त्या बालरोगवालीच्या डोळ्यांत पाणी होतं. डोळेवाल्याने एका गुलाबी चिकटचिठ्ठीवर ‘फोनची वेळ?’ असं लिहिलं आणि ती भिंतीवर, शिकण्याच्या संधी या मथळ्याखाली, नीट दाबून लावली. तिथे आधीच पस्तीसेक चिठ्ठ्या होत्या. खालच्या ओळीतल्या वाळून सुटायला आल्या होत्या.

“मला चाळीस नावं आणि पत्ते हवेत,” मी म्हटलं, “आज.” मखमलबाईंचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. नावं देता येणार नाहीत, त्यातच तर सगळ्या रचनेचा आत्मा आहे. कुलूप लागलेले क्रमांक तिमाही बैठकीत उघडता येतात, बैठक नऊ आठवड्यांनी आहे, हा मुद्दा त्या पहिल्या पाचांत घेतील. “नऊ आठवड्यांत गाठ वाढते,” मी म्हटलं. “तुमची अस्वस्थता मी समजू शकते,” त्या म्हणाल्या. मी काय काय बोलले ते मला पूर्ण आठवत नाही. तुमचं समजणं चुलीत घाला, एवढं म्हटल्याचं आठवतं. त्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लिफ्टमध्ये एकटी असताना मला जाणवलं की संतापून किती बरं वाटतंय. या बाईवर, या चिठ्ठ्यांवर थुंकत खाली उतरायचं आणि आपण स्वच्छ. आहे की नाही सोय? पण बटण मखमलबाईंनी दाबलेलं नव्हतं. त्यांचा नियम भाबडा होता, मूर्ख म्हणा हवं तर, पण कामचुकारपणा त्यात माझा होता, आणि तो मी एवढ्या झपाट्याने केला की त्याला बक्षीस मिळालं. वर्षभर मी ज्यांना हसत होते त्या अकराजणांनी निदान तीन आठवडे तरी यादी चिवडली होती. त्यातल्या कुणाकडे मावशीचा क्रमांक गेला असता तर कदाचित चौथ्या दिवशी सहा वाजता तिचा फोन वाजला असता.

चारला दहा मिनिटं असताना मी लाँड्रीच्या फाटकाशी पोचले. माझ्या घरापासून बसचे दोन थांबे. इतकी वर्षं मी इथे आलेली नव्हते. भिंतीवरच्या नळ्यांतून वाफ येत होती आणि तोच वास होता. चार वाजून तीन मिनिटांनी मी तिला फोन लावला. पहिल्या घंटेलाच आवाज आला, “बोल गं ठमे.” मी म्हटलं, “बाहेर ये, फाटकाशी आहे मी.” ती धावतच आली, एका हातात फोन, डगला अजून अंगावर. “काय झालं? बरं आहे ना सगळं?” मी सांगितलं. त्या नळीत रक्त सापडलं होतं हे सांगितलं, बुधवारी कुठे जायचं ते सांगितलं, घाबरायचं नाही असं डॉक्टरांच्या आवाजात सांगितलं, आणि मग तो आवाज संपला. “ते तीन फोन मी केले होते मावशी,” मी म्हटलं. तिला आधी कळलंच नाही. “तू? मग नंतर घरी का नाही आलीस?” “मला नाव दिसत नव्हतं गं. तू आहेस हे माहीत नव्हतं.” तिने डोक्यावरची जाळी काढली, घडी केली, खिशात घातली. घडी तिने नेहमीसारखी कडेला कड लावून केली. “मग जे कोण होतं त्याच्याकडे जायचं,” ती म्हणाली. रागाने नाही. लहानपणी मी शाळेतून कुणाची तरी पेन्सिल घरी आणली होती तेव्हा म्हणाली होती तशी, जा आणि देऊन ये. मी मान खाली घातली. चाळीस पार केलेली बाई फाटकाशी मान खाली घालून उभी होती आणि सुटलेल्या बायका आमच्याकडे बघत पुढे जात होत्या.

“रक्त म्हणजे ते वाईटच असतं का?” तिने हळूच विचारलं. “नाही. बघावं लागतं. वेळेत बघितलं तर बऱ्याचदा काहीच नसतं.” “वेळेत म्हणजे सात महिन्यांपूर्वी?” मला खोटं बोलता आलं नाही. “हो,” मी म्हटलं. तिने फाटकाच्या खांबाला हात लावला. मनगटावरचा डाग उन्हात चकाकत होता. मला वाटलं आता ती रडेल, मला शिव्या देईल, आणि त्या मी मुकाट्याने घेईन, तेवढंच जरा हलकं वाटेल. पण ती वळली आणि फाटकातून बाहेर पडणाऱ्या घोळक्याकडे पाहून तिने हाक मारली, “अगं ए, थांबा जरा! त्या पत्रवाल्या सगळ्या इकडे या.” मी म्हटलं, “पत्रवाल्या?” “आमच्यात सहाजणींना आलंय ना ते,” ती म्हणाली. “डब्याच्या सुट्टीत वाचलं आम्ही एकमेकींचं. सगळ्यांचं सारखंच होतं, म्हटलं, बरं झालं, कुणाचं वेगळं नाही.” पाचजणी आल्या. कुणी माझ्या वयाच्या, कुणी मावशीच्या, एक तर तिच्याहूनही मोठी, गुडघ्यांनी वाकडी चालणारी. “ही माझी भाची,” मावशी म्हणाली, “डॉक्टर आहे. पत्र तिच्याच ऑफिसचं.” त्यांचे चेहरे खुलले. एकीने पर्स उघडून पत्र बाहेर काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चार घड्या करून ठेवलं होतं, चुरगळू नये म्हणून. तिने ते माझ्यापुढे धरलं.

“आदर म्हणजे रिपोर्ट चांगला ना, डॉक्टर?” तिने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “सगळं सांगते, बसून. आधी तुमचं नाव सांगा.”